कोसळण्याची शक्यता ७ टक्के: माझी इमारत पास झाली का?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, आज अडले म्हणून लिहितेय.

प्रबंधासाठी सहा मजली आरसीसी फ्रेम घेतली आहे. तळमजला पार्किंगसाठी मोकळा, वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती. ओपनसीज या संगणक-प्रणालीत मॉडेल केलं, फेमा पी-६९५ (कोसळण्याची शक्यता मोजायची अमेरिकी मार्गदर्शिका) मधल्या २२ जोड्या म्हणजे ४४ भूकंपनोंदी घेतल्या आणि एकेक नोंद थोडी थोडी वाढवत इमारत पडेपर्यंत चालवली. संगणक रात्रभर तापायचा. शेवटी, कमाल विचारात घ्यायच्या भूकंपाला इमारत कोसळण्याची शक्यता ७ टक्के आली. पी-६९५ ची मर्यादा १० टक्के. म्हणजे पास, असं मी धरून चालले होते.

काल सरांना आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "या इमारतीत तू राहशील का?" मी हो म्हणाले. "तळमजल्यावर झोपशील?" मला पटकन हो म्हणता आलं नाही. तेही पुढे काही बोलले नाहीत, कागद परत दिले.

तर विचारायचं असं की माझ्या मॉडेलमध्ये मजल्याचा ड्रिफ्ट (मजल्याच्या उंचीच्या मानाने बाजूला सरकणं) ३ टक्क्यांपर्यंत जातो आणि फ्रेम तरी उभी असते. खरा कॉलम ३ टक्क्यांना उभा राहतो का? आणि हे ७ टक्के नेमके कशाचे, ते कुणी साध्या भाषेत सांगेल का? पुस्तकातली व्याख्या पाठ आहे, ती नको.

---

तिरपागडा

सरांना सांगा, तळमजला पार्किंग आहे, झोपायची सोय नाही.

(पळतो.)

---

रिंगमास्तर

उंबरठाताई, सरांचा प्रश्न बरोबर जागी लागलाय. माझी नोकरी मॉडेल करण्यात नाही, कॉलम मोडण्यात गेली. बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत होतो. डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो. गणित दुसरं कुणी सांगेलच, इथे हौशी लोक कमी नाहीत.

आधी ३ टक्के केवढे ते बघा. मजला ३ मीटरचा असेल तर ९ सेंटिमीटर. म्हणजे वरचा स्लॅब खालच्याच्या मानाने एक मूठभर बाजूला गेला. ऐकायला थोडं वाटतं. कॉलमच्या दृष्टीने तो शेवटचा पेपर असतो.

आमच्याकडे कॉलमला आधी चुना मारायचे, म्हणजे भेग दिसते. त्यावर पेन्सिलीने दहा-दहा सेंटिमीटरच्या चौकटी. वरून एका जॅकने मजल्यांच्या वजनाइतका दाब द्यायचा आणि तो कायम ठेवायचा, बाजूने दुसऱ्या जॅकने कॉलम ढकलायचा, मग ओढायचा. पाव टक्का, अर्धा, एक, दीड, दोन, असं चढत जायचं, प्रत्येक पायरीला तीन-तीन फेऱ्या. जॅक थांबला की आम्ही मार्कर घेऊन पुढे. ढकलताना पडलेली भेग निळी, ओढताना पडलेली लाल. अर्ध्या टक्क्याला केसाएवढ्या आडव्या भेगा. एकच्या पुढे त्या तिरक्या होऊन एकमेकींना छेदतात, सगळ्या कॉलमवर लाल-निळ्या फुल्या. दोनच्या आसपास बुंध्याशी कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, पोपडे सुटल्यासारखं गळायला लागतं. तिथून पुढे कॉलमचा जीव उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या आडव्या रिंगांच्या हातात. माझं टोपणनाव उगाच नाही.

एकदा दोन कॉलम एकाच दिवशी, एकाच मिक्समधून ओतले होते. उभ्या सळ्या सारख्या. फरक एवढाच की पहिल्यात रिंगा २०० मिलिमीटरवर आणि त्यांची टोकं काटकोनात वळवलेली. दुसऱ्यात १०० मिलिमीटरवर, टोकं १३५ अंशांत, म्हणजे काँक्रीटच्या पोटात शिरलेली. दोन टक्क्यांपर्यंत दोघांचे लूप (बळ आणि सरकणं यांचे आलेख) एकावर एक ठेवले असते तर कुठला कुणाचा ते मलाही सांगता आलं नसतं. मग अडीच टक्क्यांच्या दुसऱ्या फेरीत पहिल्याचं कव्हर पडलं, रिंगेची टोकं उघड्यावर आली. आतली सळई बाहेरच्या बाजूला फुगायला लागली, तिने रिंगेला रेटलं आणि काटकोनातलं टोक दार उघडावं तसं सावकाश उघडलं. मोठा आवाज होईल म्हणून आम्ही दबकून उभे होतो. झाला फक्त 'टक्'. त्यानंतर वरच्या जॅकचा आकडा घसरायला लागला. म्हणजे कॉलम भूकंपाचं बळ सोडा, रोजचं वजनही पेलायचं सोडत होता.

दुसरा कॉलम चार टक्क्यांनाही उभा होता. पाचकडे जाताना त्याच्या सळ्या बंदुकीच्या बारासारखा आवाज करत तुटल्या, सगळे दचकले, पण वरचं वजन तेव्हाही त्याच्याच डोक्यावर होतं.

तेव्हा ३ टक्क्यांना कॉलम उभा राहतो का, तर कुठला कॉलम ते सांगा. तुमच्या मॉडेलमध्ये ९० अंशवाला आहे की १३५ वाला? इनपुट फाइलमध्ये हे कुठल्या ओळीत लिहितात ते मला खरंच बघायचंय.

आता 'पास' या शब्दाबद्दल. इमारत अजिबात न मोडता भूकंप काढणार असेल तर तिच्यावर जेवढं बळ येईल, त्याच्या एका हिश्श्यालाच कोड डिझाइन करायला सांगतं. आपल्याकडे डक्टाइल डिटेलिंग (एकदम न तुटता वाकेल अशी सळ्यांची रचना) केलेल्या फ्रेमला भागायचे पाचाने, अमेरिकेत तशाच फ्रेमला आठाने. उरलेलं बळ इमारतीने स्वतःला थोडं थोडं मोडून घेत पचवायचं, असा हा करार. घर घेणाऱ्याला तो कुणी वाचून दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी. मोडणारच आहे तर कुठे मोडायचं ते आपण ठरवू, हे न्यूझीलंडमधल्या पार्क आणि पॉले यांनी १९७० च्या दशकात पद्धतशीर मांडलं. पॉले साखळीचं उदाहरण द्यायचे: एक कडी मुद्दाम ताणली जाईल अशी ठेवा, बाकीच्या तिच्याहून दणकट करा. फ्रेममध्ये ती कडी म्हणजे बीमची टोकं. कॉलम नव्हे, आणि तळमजल्याचे सगळे कॉलम एकदम तर नव्हेच.

पोलादवाल्यांना वाटायचं आपल्याला याची काळजी नाही, पोलाद काय, वाकतं. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा ६.७ चा भूकंप झाला. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या इमारतींमध्ये नंतर आतलं अग्निरोधक लेपण काढून पाहिलं तर बीम-कॉलमच्या जोडावरच्या वेल्डला तडे, बहुतेक बीमच्या खालच्या फ्लँजपाशी, म्हणजे आडव्या पट्टीपाशी. वाकायच्या आधीच तडकले होते. पुढे बरंच संशोधन झालं, आणि त्यातून निघालेल्या उपायांपैकी मला सगळ्यात आवडतो तो हा: कॉलमपासून थोडं अंतर सोडून बीमचे फ्लँज दोन्ही बाजूंनी कंबरेसारखे कापायचे. चांगला बीम घ्यायचा आणि गॅसकटरने बारीक करायचा! पहिल्यांदा पाहणाऱ्याला वेडेपणा वाटतो. पण मग बीम त्या कंबरेत वाकतो आणि वेल्ड वाचतो.

ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची गोष्ट तुमच्या सरांना माहीत असणार. कॅलिफोर्नियातलं, नवंकोरं, आणि ९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात त्याचे खालचे मजले असे कलले की इमारत पाडावी लागली. त्यात एकाच इमारतीत, एकाच भूकंपात दोन तऱ्हेचे कॉलम शेजारी शेजारी तपासले गेले. सुट्या रिंगांचे कोपऱ्यातले कॉलम चुरा झाले. अखंड सळईचं स्पायरल गुंडाळलेले वाकडे झाले, कव्हर गेलं, पण वजन धरून राहिले. आमच्या प्रयोगशाळेत जे लहान प्रमाणावर दिसतं ते तिथे पूर्ण आकारात झालं होतं. मग त्याच जागी भक्कम भिंतींचं नवं रुग्णालय बांधलं. १९९४ मध्ये नॉर्थरिजने तेही हलवलं. सांगाडा उत्तम राहिला. फुटले ते पाण्याचे पाइप आणि स्प्रिंकलर. पाणी मजल्यांवर आलं आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. तुमच्या आलेखात ही इमारत शंभर टक्के पास आहे.

जाता जाता एक. विटांच्या भिंती मॉडेलमध्ये आहेत ना? की नुसतं त्यांचं वजन घेतलंय?

---

साइटवरून

रिंगमास्तर, टाळ्या. पण १३५ अंशांचा हूक ड्रॉइंगमध्ये असतो, साइटवर नाही, हेही लिहा.

माझ्या पहिल्याच नोकरीतली गोष्ट. (कुणाची साइट ते विचारू नका.) कॉलमच्या सळ्या उभ्या, रिंगा आल्या, सगळ्यांची टोकं काटकोनात. मी काम थांबवलं. फिटर म्हणाला, "साहेब, १३५ ला वाकवली तर रिंग वरून घालताना अडकते, आधी काटकोनात घालतो आणि मग वाकवतो." ठीक. दुपारी गेलो तर शटरिंग लागलेलं. मग वाकवली का? "वाकवली की." शटरिंग खोलायला लावलं. वरच्या चार वाकवलेल्या, डोळ्यांसमोर येतात तेवढ्याच. संध्याकाळी वरून मलाच ऐकवलं गेलं की तू काम अडवतोस. बीम-कॉलमच्या जॉइंटच्या आत तर रिंगाच नव्हत्या, कारण तिथे हात जात नाही.

संशोधन करणाऱ्यांनी कधी तरी पक्कड घेऊन जॉइंटमध्ये रिंग बांधून बघावी.

---

लॉगनॉर्मल

रिंगमास्तर, तुमचा दुसऱ्या धाग्यावरचा मॉडेलद्वेष इथेही दिसतोय. :) तुमचा कॉलम एकटा असतो, खाली जाड ठोकळ्यात घट्ट धरलेला, आणि ताशी गोगलगाईच्या वेगाने ढकललेला. खरी इमारत अशी नसते. एका कॉलमचं वजन सुटलं तर शेजारचे ते उचलतात की तेही जातात, हे एकट्या कॉलमवर कळत नाही. शेक टेबलवर पूर्ण इमारत ठेवायची तर जपानमध्ये मिकीला ई-डिफेन्सचं टेबल आहे, २० मीटर बाय १५ मीटर, १२०० टन. बाकीच्यांनी एक तृतीयांश मॉडेल करायचं, मग काळही वर्गमुळाच्या प्रमाणात दाबायचा, ३० सेकंदांचा भूकंप साधारण १७ सेकंदांत उरकायचा, आणि शिवाय वर शिशाची वजनं रचायची. मॉडेल लागतंच.

उंबरठा, आता तुमचे ७ टक्के. हे दर वर्षाचे नाहीत आणि पन्नास वर्षांचेही नाहीत. तो मोठा भूकंप तुमच्या इमारतीखाली आलाच, असं धरून त्यापुढची ही शक्यता आहे. शंभरातल्या सात इमारती, आणि त्याही त्या दिवशी.

दुसरं, हे ७ आले कसे? मला वाटतं तुम्ही फक्त ४४ नोंदींमधला फरक धरला, बीटा (निकाल किती विखुरलेत त्याचं माप) ०.४. उलटं गणित केलं तर तुमच्या निम्म्या नोंदी इमारत पाडतात ती तीव्रता, त्या मोठ्या भूकंपाच्या तीव्रतेच्या १.८ पट असणार. चूक असेल तर सांगा. पण पी-६९५ म्हणतं की मॉडेल किती विश्वासाचं, त्यामागे चाचण्या किती, डिझाइनचे नियम किती पक्के, ही अनिश्चितताही मिळवा. ती मिळवून बीटा ०.६ झाला, तर त्याच १.८ ला शक्यता ७ वरून १६ टक्क्यांवर जाते. इमारत तीच, एक वीटही हललेली नाही.

लगेच रडू नका. दुर्मीळ मोठ्या भूकंपाच्या स्पेक्ट्रमचा आकार वेगळा असतो, त्यासाठी एक सुधारणा-गुणक मिळतो. समजा तो १.२ निघाला. मग १.८ चे २.१६ होतात आणि शक्यता बरोब्बर १० टक्क्यांवर येऊन बसते. तुमची इमारत पासही नाही आणि नापासही नाही, रेषेवर उभी आहे.

आणि दोन गोष्टी तपासा. रेले डॅम्पिंग (हादरे शमवण्यासाठी मॉडेलमध्ये धरलेलं बळ) सुरुवातीच्या कडकपणावर बांधलं असेल तर फ्रेम मोडल्यावरही ते जुन्याच कडकपणाच्या हिशेबाने बळ देत राहतं, नसलेला टेकू मिळतो. दुसरं, तुमचं 'कोसळणं' म्हणजे फक्त फ्रेम बाजूला कलणं आहे का? कॉलमने वजन सोडणं मॉडेलला कळतच नसेल तर ३ टक्क्यांना तो उभाच राहणार, त्याला पडता येत नाही. केन एलवुड यांचं कॉलमच्या शिअर (तिरकं कापलं जाणं) आणि अक्षीय (उभं वजन सोडणं) पडझडीचं मॉडेल ओपनसीजमध्येच आहे, ते वापरा.

---

रिंगमास्तर

लॉगनॉर्मल, गोगलगाय मान्य. पण ते अक्षीय पडझडीचं मॉडेल कशावर बेतलंय? गोगलगायीच्या वेगाने मोडलेल्या कॉलमांवरच ना? मग झालं तर.

७ चे १६ आणि १६ चे १० हे मात्र मस्त. मला आजवर वाटायचं आमच्याकडचेच गेज खोटं बोलतात.

---

पुलाखालून

इमारतवाल्यांच्या धाग्यात घुसतोय, पण कॉलम म्हटलं की राहवत नाही.

१७ जानेवारी १९९५, कोबे. हानशिन एक्सप्रेसवेचा सुमारे ६३५ मीटरचा तुकडा एका ओळीत आडवा झाला. एकेरी खांब, वर जड डेक. खांबातल्या काही उभ्या सळ्या वर फार लागत नाहीत म्हणून खालच्या भागातच थांबवल्या होत्या, आणि खांब तिथेच गेले, बुंध्याशी नाही. डिझाइनरने ठरवलेल्या जागी न मोडता, सळ्या वाचवलेल्या जागी मोडले. त्याआधी १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात ऑकलंडचा दुमजली सायप्रस व्हायाडक्ट बसला, ४२ माणसं तिथेच गेली. तिथे जोडावरच्या रिंगा कमी होत्या. 'साइटवरून' यांचा जॉइंट आठवला.

दुरुस्ती त्या मानाने सोपी निघाली: जुन्या खांबाभोवती पोलादी पत्र्याचं जाकीट, मधल्या फटीत ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचा माल. कॅलिफोर्नियात अशी जाकिटं घातलेल्या खांबांनी नॉर्थरिजला चांगलं काम केलं. म्हणजे रिंग आत नाही घालता आली तर बाहेरून घाला, एवढंच.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार, दोन आठवडे गायब होते कारण सगळं परत चालवत होते.

रिंगमास्तर, भिंतींचं वजनच घेतलं होतं. तुमचा तो 'जाता जाता' प्रश्न वाचून पोटात गोळा आला. वरच्या पाच मजल्यांवर भिंतींच्या जागी तिरके दांडे घातले. आवर्तनकाल (इमारतीच्या एका झोक्याचा वेळ) १.१ सेकंदावरून ०.६ वर आला, आणि जो ड्रिफ्ट आधी सहा मजल्यांत वाटला जात होता तो सगळा तळमजल्यावर येऊन बसला. वरचे पाच मजले एका पेटीसारखे अख्खे हलतात. २००१ च्या भुज भूकंपानंतरचे अहमदाबादचे फोटो पाहिले होते, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असूनही मोकळ्या तळमजल्याच्या इमारती एक मजला खाली बसलेल्या, वरच्या खिडक्यांचे आकार जागच्या जागी. माझा आलेख आता अगदी तसा दिसतोय. आयएस १८९३ या आपल्या भूकंप-कोडमध्ये २००२ साली अशा तळमजल्याच्या कॉलम-बीमसाठी अडीचपट बळ का आलं, ते मी परीक्षेत लिहिलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं.

लॉगनॉर्मल, १.८ बरोब्बर. माझा आकडा १.८१ होता, तुम्ही फाइल न बघता सांगितलात! डॅम्पिंग बदललं, अक्षीय पडझडही घातली. नवी शक्यता इथे लिहीत नाही, सरांना आधी दाखवते. पास नाही एवढं नक्की.

एक भाबडा प्रश्न उरलाय. रिंगेच्या हूकचा कोन खरंच माझ्या फाइलमध्ये कुठे नाही. अंतर आहे, व्यास आहे. कोन मी अप्रत्यक्षपणे, काँक्रीटला किती आवळ मिळतो त्यातून घेतलाय, म्हणजे तो १३५ आहे असं गृहीत धरून. 'साइटवरून' यांचं वाचल्यावर त्यातल्या वरच्या चारच रिंगा धराव्यात का?

---

साइटवरून

धरा. पाच म्हटलं तरी चालेल, त्या दिवशी मी जरा चिडलेलो होतो.

---

रिंगमास्तर

दोन्ही टोकं काढा ताई. एकदा सगळ्या रिंगा १३५ धरून, एकदा सगळ्या ९० धरून, आणि दोन्ही आलेख शेजारी छापा. खरी इमारत त्यांच्या मध्ये कुठेतरी असते. सर परत तळमजल्याचं विचारतील तेव्हा कुठल्या आलेखातला तळमजला, ते विचारा.

त्या पहिल्या कॉलमची उघडलेली रिंग माझ्याकडे आहे, निवृत्तीच्या दिवशी खिशात घालून आणली. कोनमापक लावून बघितला, काटकोनातलं टोक जवळजवळ सरळ झालंय. पेपरवेट म्हणून वापरायला गेलो तर वजनाला हलकी पडते. फोटो उद्या टाकतो, उजेडात काढून.